फायबर बॉडीचा क्रॅक दुरुस्त केला म्हणून नुसती लांबी (पुट्टी) भरून दिली, सावध रहा

ज्यांच्याकडे जुनी फायबर बॉडीची गाडी आहे किंवा जीप-जिप्सीला फायबरचा हार्डटॉप बसवलाय त्यांनी वाचा. आमच्या मामांची सिपानी डॉल्फिन आहे, बंगळूरची, ८० च्या दशकातली, रिलायंट किटन या इंग्लिश गाडीवरून बनवलेली, बॉडी फायबरग्लासची. बोनेटच्या बिजागरीपाशी आणि पुढच्या चाकाच्या वर बारीक क्रॅक गेले होते. पुण्यातल्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने छातीठोक सांगितलं, साहेब आतून मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड) मारून देतो, परत बघायला नको. रंगासकट अकरा हजार, निम्मे ॲडव्हान्स.

गाडी आली तेव्हा चकाचक. पावसाळा संपतोय तोवर त्याच जागी त्याच नागमोडी रेघा! बोनेट उघडून खालून बघितलं तर काळं अँटीरस्ट फासलेलं, अहो फायबरला कुठला गंज? खरवडलं तर मॅटचा एक धागा नाही, मोठ्या क्रॅकमध्ये एमसील दाबलेलं आणि वरून लांबी न् रंग. फोन केला तर म्हणे गाडी जुनी, रस्ते खराब, मी काय करू. नंतर उचलणंच बंद.

खरं काम असं असतं, क्रॅकच्या टोकाला बारीक होल मारायचं म्हणजे तो पुढे पळत नाही, मग ग्राइंडरने व्ही आकारात उघडायचा, आतली बाजू घासून ॲसिटोनने पुसायची आणि तिथे रेझिनमध्ये (सुकून कडक होणारा चिकट द्रव) भिजवलेल्या मॅटचे थर रोलरने हवा काढत बसवायचे. लांबी सगळ्यात शेवटी, पातळ, लेव्हलपुरती. तिच्यात ताकद नसते, पॅनल हललं की तडकणारच. बिजागरीचा बोल्ट जास्त आवळलाय का तेही बघायला लावा, नाहीतर चांगलं कामही टिकत नाही.

पत्र्याच्या गाडीला लोहचुंबक लावून लांबी पकडता येते, फायबरला ते चालत नाही, त्यामुळे रंगाच्या आधी स्वतः जाऊन आतून मॅट बघा आणि आत काळं काही मारू देऊ नका. घरी करणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर सुकवणारं द्रावण) आणि हार्डनर (रेझिन कडक करणारं) एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, मग हार्डनर.

ॲडव्हान्स काय, बाकीचे काय, सगळेच गेले. आता काम अलिबागकडच्या एका फायबरच्या बोटी दुरुस्त करणाऱ्याला दिलंय, तो बोनेट काढून उलटं ठेवल्याशिवाय भावच सांगत नाही.