काससाठी एक, जतसाठी दुसरं : छोट्या कॅमेऱ्याचं कव्हर निवडताना

खिशात मावणारा कॅमेरा घेतला की दुकानदार लगेच एक काळं कव्हर पुढे करतो आणि बहुतेक जण तेच घेऊन घरी येतात. ते कव्हर कुठल्या हवेत वापरायचं, हे कोणी विचारत नाही. आपल्याकडे मात्र पहिला प्रश्न तोच हवा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माण-खटावात जेमतेम पाचशेच्या आसपास. सांगलीतही शिराळ्याकडचा भाग ओला आणि जत-आटपाडीचा कोरडा. कास पठाराच्या धुक्यात निभावणारं कव्हर पालीच्या खंडोबाच्या यात्रेत निरुपयोगी ठरू शकतं, आणि उलटही.

बाजारात मिळणाऱ्या कव्हरांचे ढोबळ चार प्रकार आहेत. नायलॉन किंवा निओप्रीनचा (ताणल्या जाणाऱ्या रबरी कापडाचा) मऊ पाऊच, साधारण तीन-चारशे रुपयांपासून. ईव्हीए फोमचं कडक कव्हर, पाचशे-सातशेपर्यंत. चामड्याचं किंवा रेक्झिनचं कव्हर. खरं चामडं असेल तर दोन हजारांच्या पुढे. आणि चौथी, खांद्यावरून आडवी घेण्याची छोटी स्लिंग बॅग.

आधी माप

ऑनलाइन घेतलेली बरीच कव्हरं मापात चुकतात, कारण दिलेलं माप बहुधा बाहेरचं असतं. भिंतीचा फोम पाच मिलिमीटर असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून दहा मिलिमीटर तिथेच गेले. दुसरी गफलत सपाट पाऊचची. पाऊच म्हणजे दोन सपाट तुकडे एकमेकांना शिवलेले. कॅमेरा आत गेला की तो फुगतो आणि रुंदी कमी होते. म्हणून हिशोब असा करायचा : कॅमेऱ्याची लांबी अधिक जाडी, ही आतली सपाट रुंदी, वर दहा मिलिमीटर सैल. खोलीसाठी उंची अधिक निम्मी जाडी, वर चेन बंद व्हायला दहा मिलिमीटर.

सोनी आरएक्स१०० मार्क ७ हा १०२ × ५८ × ४३ मिलिमीटरचा आहे. १०२ अधिक ४३ म्हणजे १४५, म्हणून सपाट पाऊच आतून १५५ रुंद हवा आणि खोली साधारण ९० हवी. रिको जीआर ३ लांबीला जास्त, १०९, पण जाडीला ३३, बेरीज १४२. म्हणजे दिसायला वेगळे असलेले हे दोन कॅमेरे जवळपास एकाच पाऊचमध्ये बसतात. फुजीचा एक्स१००व्ही १२८ × ७५ × ५३, बेरीज १८१. त्याला ‘कॉम्पॅक्ट कॅमेरा पाऊच’ असं लिहिलेलं बहुतेक काही बसत नाही, त्याच्यासाठी थेट स्लिंगच बघावी. कडक कव्हरात मात्र ही बेरीज करायची नाही. तिथे आतली लांबी, उंची, जाडी तिन्ही स्वतंत्र मोजायची आणि प्रत्येकीत चार-पाच मिलिमीटर जागा सोडायची.

मनगटाची दोरी लावलेली असेल तर तिचा गुंडाळाही मापात धरा. ती आत कोंबली तर गाठ नेमकी स्क्रीनवर दाबून बसते. बाहेर ठेवली तर चेन तिच्याभोवती पूर्ण बंद होत नाही, आणि पावसात पाणी त्याच फटीतून आत येतं.

बटण दाबलं गेलं की लेन्स जाते

कव्हरामुळे होणारं सगळ्यात महागडं नुकसान हेच, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांची लेन्स चालू होताच बाहेर येते. तिला ढकलणारी मोटर बोटाच्या पेराएवढी आणि तिचे गिअर प्लास्टिकचे. घट्ट पाऊचमध्ये वरचं पॉवर बटण दाबलं गेलं की लेन्स बाहेर यायला बघते, समोर कापड आडवं येतं, मोटर जोर लावत राहते. एकदोनदा कॅमेरा स्वतःच बंद होतो. मग एखाद्या दिवशी गिअरचा दात सरकतो आणि स्क्रीनवर लेन्स एरर येते. पुष्कळदा लेन्सचा अख्खा भागच बदलावा लागतो, आणि तो खर्च ऐकून लोक कॅमेरा कपाटात टाकून देतात.

इथे मऊ आणि कडक कव्हरातला फरक स्पष्ट दिसतो. निओप्रीनचा ताणला जाणारा पाऊच कॅमेऱ्याला सगळीकडून आवळतो, बटणालाही. कडक कव्हराचं झाकण बटणापासून लांब राहतं, पण माप बरोबर असेल तरच. थोडं लहान पडलं तर झाकण मिटताना बटण दाबतं आणि दाबून धरूनच ठेवतं. ते निओप्रीनपेक्षाही वाईट. नायलॉनचा, आत फोम असलेला आणि वर एक सेंटिमीटर मोकळा राहणारा पाऊच या बाबतीत सगळ्यात निर्धोक.

दुकानातच तपासा : बॅटरी घालून कॅमेरा कव्हरात ठेवा, चेन लावा, कान जवळ नेऊन अंगठ्याने वरून, कडेने, कोपऱ्यावर दाबा. मोटरचा बारीक ‘झूं’ ऐकू आला तर ते कव्हर तिथेच परत करा.

पाऊस, धुकं आणि थोसेघरचे तुषार

असा शिवलेला एकही साधा पाऊच खऱ्या अर्थाने जलरोधक नसतो. नायलॉनवर आतून लेप असतो, पण शिवणीला सुईने भोकं पडलेलीच असतात आणि साध्या चेनच्या दातांतून पाणी आरामात आत जातं. निओप्रीनमधला रबर पाणी धरत नाही हे खरं. मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेलं कापड धरतं. एकदा चिंब झालं की आपल्या जुलैच्या हवेत ते वाळायला दोन दिवसही लागतात, आणि तेवढा वेळ कॅमेरा ओल्या कापडात गुंडाळलेला. ओल्या बाजूला निओप्रीन घेऊ नका, हे आमचं ठाम मत आहे.

थोसेघरच्या धबधब्यापाशी पाणी वरून कमी आणि समोरून जास्त येतं. वारा तुषार आडवे आणतो, त्यामुळे वरून झाकणारी फडकी म्हणजे फ्लॅप असूनही कडेने पाणी शिरतं. तिथे वरची चेन आणि तिच्यावर फ्लॅप, असं दोन्ही असलेलं कव्हर हवं. शंका असेल तर घरी आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून नळाच्या बारीक धारेखाली दोन मिनिटं धरा. कुठून भिजला त्यावरून कमजोर जागा कळते.

खरं संरक्षण मात्र दाबून बंद होणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत आहे. दहा-पंधरा रुपयांची पिशवी पाऊचच्या आत ठेवायची, पाऊस वाढला की कॅमेरा आधी पिशवीत, मग पाऊचमध्ये. म्हणून पाऊच घेताना त्या पिशवीसाठीही जागा सोडा. तिचा आणखी एक उपयोग आहे. एसी लावलेल्या गाडीतून थंड कॅमेरा दमट हवेत काढला की काचेवर बाष्प धरतं. उतरण्याआधी पिशवी बंद करा आणि वीस-तीस मिनिटं उघडू नका. बाष्प पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही.

ऑलिंपस टीजी-६ सारखा मुळातच १५ मीटर खोल पाण्यात चालणारा कॅमेरा असेल तर यातलं काहीच लागू नाही, त्याला फक्त ओरखडे न पडण्यापुरता पाऊच पुरे.

भंडारा, हळद आणि फुफाटा

पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हा हवाच पिवळी होते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांपाशी आणि उन्हाळ्यात जतच्या कच्च्या रस्त्यावर, थोड्याफार फरकाने तीच गत. बाहेर येणारी लेन्स आत जाताना तिच्या नळ्यांवर बसलेली पूड सोबत ओढून नेते. ती नळ्यांच्या फटीत अडकते, कधी सेन्सरपर्यंत पोचते.

इथे वेलक्रोचं कव्हर सगळ्यात वाईट. वेलक्रोचे आकडे हळद धरून ठेवतात आणि दर वेळी उघडताना झटक्याने ती बरोबर लेन्सवर उडवतात. शिवाय कीर्तनात तो ‘चर्र’ आवाज चारजणांना मान वळवायला लावतो. टिचबटणाच्या चामड्याच्या कव्हराला कडेने फटी असतात. चुंबकाचं कव्हर मेमरी कार्ड बिघडवतं ही भीती निराधार आहे, कारण कार्डात काहीही चुंबकीय साठवण नसते. त्रास एवढाच की लोखंडी कण त्याला चिकटतात आणि होकायंत्र असलेल्या कॅमेऱ्यात दिशा चुकू शकते. धुळीसाठी चेनच हवी, आणि चेनच्या आतल्या बाजूला कापडाची पट्टी शिवलेली हवी. ती पट्टी धूळ अडवते आणि चेनच्या दातांनी स्क्रीनवर पडणारे ओरखडेही.

यात्रेहून आल्यावर पाऊच उलटा करून झटकायचा, मगच कॅमेरा पुन्हा आत. कॅमेऱ्यावरची हळद ओल्या फडक्याने पुसू नका, ओली झाली की ती डाग धरते आणि फटीत लेपासारखी बसते. लेन्स बाहेर असतानाच, तोंड खाली करून रबरी ब्लोअरने उडवायची, मग मऊ ब्रशने. तोंडाने फुंकर नको.

एक्स१००व्हीची लेन्स अशी बाहेर येत नाही, त्यामुळे धुळीत तो बराच सुरक्षित. पण धूळ-पाण्याला दाद न देणारा तो तेव्हाच होतो, जेव्हा पुढे अ‍ॅडॉप्टर रिंग आणि फिल्टर दोन्ही लावलेले असतात. ते लावले की लेन्सची जाडी वाढते. माप त्यांच्यासकट घ्या.

गाडीवर

दुचाकीवर कमरेच्या पट्ट्याला कडक कव्हर अडकवू नका. वाकल्यावर ते बरगडीखाली रुततं, आणि घसरून पडलात तर सगळा भार त्या चौकोनी डबीवरून खुब्यावर येतो. टाकीवरच्या बॅगेत किंवा डिकीत ठेवलं तर दुसरा प्रश्न : लेन्समधला थरथर रोखणारा भाग तरंगता असतो आणि इंजिनाची सततची कंपनं त्याला मानवत नाहीत. शिवाय बहुतेक कॅमेरे ४० अंशांपर्यंतच चालवायला सांगितलेले असतात. एप्रिलात सांगलीत उन्हात लावलेल्या स्कूटरची डिकी त्याच्या कितीतरी पुढे जाते. गाडीवर कॅमेरा अंगावरच हवा, छातीपुढे घेतलेल्या स्लिंगमध्ये. शरीर कंपनं खातं.

एसटीच्या गर्दीत किंवा गड चढताना मात्र पट्ट्याचा पाऊच सोयीचा. त्याचा लूप चारही बाजूंनी शिवलेला हवा. वेलक्रोने उघडणारा लूप सीटच्या कडेला घासून केव्हा सुटला ते कळतही नाही. कडक कव्हर पुस्तकासारखं दोन भागांत उघडतं, उभ्या उभ्या उघडलं की कॅमेरा बाहेर घरंगळतो. अजिंक्यताऱ्याच्या पायऱ्यांवर वरून उघडणारा पाऊचच बरा.

जास्तीची बॅटरी घ्यावीच लागते, पण नाणी-किल्ल्यांच्या कप्प्यात सुटी नको. टोकं जोडली गेली तर ती तापते. प्लास्टिकच्या टोपीसह, स्क्रीनच्या विरुद्ध बाजूच्या कप्प्यात ठेवा.

चामड्याचं काय?

दिसायला त्याच्या जवळपास दुसरं काही येत नाही, आणि हातात धरायला अर्धं, फक्त खालचा भाग झाकणारं कव्हर फार छान. कोरड्या भागात, किंवा दिवाळीपासून वळवाच्या पावसापर्यंत, ते आनंदाने वापरा. पण चामडं ओल धरतं आणि सोडत नाही. रेक्झिनची वेगळी गत : दोन-तीन पावसाळ्यांत वरचा थर खवल्यांसारखा सुटतो आणि ती काळी खवलं कॅमेऱ्याच्या फटीत जातात. रेक्झिन घेण्यापेक्षा साधं नायलॉन कितीही चांगलं.

नेण्याचं कव्हर ठेवण्यासाठी नाही

चारही प्रकारांना हे लागू. ६०-६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की काचेवर बुरशी धरते, जाळीसारखे पांढरे धागे, आणि ते काचेचा लेप खातात. ओलसर कव्हरात, अंधारात, हवा न लागता ठेवलेला कॅमेरा म्हणजे बुरशीला हवी ती जागा. पावसाळ्यात घरी आल्यावर कव्हर पंख्याखाली टांगा आणि कॅमेरा उघडाच एका घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. पाच लिटरच्या डब्याला १०० ते १५० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. आत छोटा आर्द्रतामापक ठेवला तर उत्तम. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते भरले. मंद आचेवर परतून पुन्हा कोरडे करता येतात, पण त्यासाठी स्वयंपाकाची कढई वापरू नका. निळे दाणे तर घरात आणूच नका, त्यातलं कोबाल्ट विषारी आहे. त्या डब्यात किंवा कपाटात डांबराच्या गोळ्या आणि कापूरही नको, त्यांच्या वाफा कॅमेऱ्याला बाधतात. तांदळाचा डबाही नको, त्याचं पीठ फटीत जातं.

शिवून घ्यायचं असेल तर

तयार मापात बसत नसेल तर दप्तरं-बॅगा शिवणाऱ्याकडे जा, काम फार महाग पडत नाही. सांगायचं एवढंच : बाहेरून लेपाचं नायलॉन, मध्ये सहा मिलिमीटरचा बारीक छिद्रांचा घट्ट फोम, आतून मखमली अस्तर. स्पंजासारखा फोम काही वर्षांत चिकट होऊन चुरा पडतो, तो नको. चेन पाच नंबरची, नायलॉनच्या दातांची, आत पट्टी लावलेली. चेनच्या रनरला ओढायला धातूची पट्टी नको, दोरीचा फास लावायला सांगा. महागडा कॅमेरा दुकानात सोडून येऊ नका. त्याच मापाचा पुठ्ठ्याचा ठोकळा करून द्या आणि त्यावर पॉवर बटणाची जागा पेनने खूण करा, म्हणजे शिवणारा फोमला तिथे बोटभर खाच मारून देईल.