स्पीच थेरपी सेंटर, गंगापूर रोड, नाशिक : पाचपैकी चार तारे

मूल बोलतं करून आपल्या हातात देतील, अशा हिशेबाने जाणार असाल तर इथे जाऊ नका. इथे मुलापेक्षा घरच्यांनाच जास्त शिकवतात, आणि गृहपाठ झाला नसेल तर मॅडम सगळ्यांसमोर विचारतात. मी एसटीचा रिटायर्ड कंडक्टर. मुलगा अंबडला कंपनीत शिफ्टमध्ये, सूनबाई बँकेत, म्हणून नातीला नेण्या-आणण्याची ड्युटी माझ्याकडे आली.

नात अडीच वर्षांची झाली तरी 'आई', 'दे' आणि 'नाई' यांच्यापुढे काही नाही. कळायचं मात्र सगळं. चप्पल आण म्हटलं की आणायची, तीही जोडीने. घरात प्रत्येकाकडे उपाय तयार होता. आमची मंडळी वेखंड उगाळायला बसली. गावाकडून निरोप आला की हिचा बापसुद्धा तिसऱ्या वर्षी बोलला, कशाला पैसे घालवता. व्याही म्हणाले, इंग्रजी शाळेत घालायचीय ना, मग घरात मराठी बंद करा. बालरोगतज्ज्ञांनी कुणाचंच न ऐकता चिठ्ठी लिहिली : आधी कान तपासा, मग स्पीच थेरपी.

सेंटरच्या मॅडमनीही कानाचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय काही सुरू केलं नाही. याचे त्यांना पैकीच्या पैकी. थोडं कमी ऐकू येणारं मूलही हाकेला वळतं, भांडं पडलं की दचकतं, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. बोलण्यातले बारीक आवाज मात्र त्याला निसटत असतात. बेरा नावाची ही तपासणी मूल झोपलेलं असताना करतात, कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवून. वेळेवर झोप लागावी म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवायचं आणि पहाटे उठवायचं. ती रातराणी मीच चालवली. रिपोर्ट नॉर्मल आला.

पहिली भेट तासाभराची. निम्मा वेळ प्रश्नांतच गेला. जन्मल्यावर लगेच रडली का, कावीळ झाली होती का, फिट आली होती का, चालायला कधी लागली, घरात कुठल्या भाषा बोलता, मोबाइल किती वेळ. मोबाइलवर सूनबाई म्हणाल्या, "थोडाच." मॅडम पेन धरून नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा खरा आकडा बाहेर पडला. मग नातीला खेळवून पाहिलं. हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, बाहुलीला खोटं खोटं भरवते का, नाव घेतलं की बघते का. निष्कर्ष असा : समज वयाप्रमाणे, बोलणं मागे. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलायला लागलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. आणि येत असलेले शब्द गळायला लागले तर वय कितीही असो, वाट पाहू नका, असंही.

मराठी बंद करण्याच्या सल्ल्यावर त्या हसल्या. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. उलट घरची माणसं ज्या भाषेत मोकळेपणाने बोलतात तीच तोडली, तर मुलाच्या कानावर पडणारं बोलणंच आटतं. व्याह्यांना हे मी फोन करून, सावकाश, दोनदा ऐकवलं.

सेशन पाऊण तासाचं, ६०० रुपये. शेवटची दहा मिनिटं आपल्याला समजावून सांगण्यात जातात. बघणाऱ्याला वाटेल, खेळण्याचेच पैसे घेतात. मॅडम साबणाचे फुगे उडवतात, मग झाकण गच्च लावून बाटली नातीच्या हातात देतात आणि गप्प. बाकावर बसलेल्या एक काकू सांगत होत्या की फुंकर मारून तोंडात ताकद येते. मॅडमचं म्हणणं वेगळं. फुंकर मारून शब्द येत नाहीत. झाकण उघडून हवं तर तिने आपल्याकडे बघून काहीतरी मागावं, त्यासाठी तो खेळ.

घरी करायचं ते सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. "हे काय? म्हण बॉल" ही तोंडी परीक्षा बंद. ती ज्याकडे बघत असेल त्याबद्दल आपण दोन-तीन शब्दांत बोलायचं आणि थांबायचं, मनात दहा मोजत. आमच्या घरात थांबणं कुणालाच येत नाही, मंडळींना तर नाहीच. ती 'गाडी' म्हणाली की आपण 'लाल गाडी' म्हणायचं, एकच शब्द वाढवून. बडबडगीत म्हणताना शेवटचा शब्द तिच्यासाठी सोडायचा. 'र', 'ळ', 'ण' नीट येत नाहीत म्हणून आत्ताच टोकू नका, ते मुलांना उशिराच साधतात.

एकदा मॅडमनी विचारलं, "आजोबा, नोकरीत काय करत होता?" झालं, त्यातून गृहपाठ निघाला. घरी खुर्च्या ओळीत, बुटाच्या खोक्याची तिकीटपेटी, नात कंडक्टर, मी ड्रायव्हर. ती 'टिंग टिंग' म्हणेपर्यंत गाडी हलवायची नाही, मागून मंडळींनी कितीही आरडाओरडा केला तरी. मॅडमनी 'टिंग टिंग' वहीत शब्द म्हणून लिहिलं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अर्थाने काढलेला आवाज म्हणजे शब्दच, असं त्यांचं गणित. काही आठवड्यांनी 'आजी चढ' आलं. लगोलग 'आजी उतर' पण आलं, ते मंडळींना फारसं रुचलं नाही.

एक तारा कापला तो असा. 'मुलांना स्क्रीनपासून दूर ठेवा' हा फलक जिथे लावलाय, त्याच्याच खाली टीव्हीवर कार्टून चालू. रिपोर्ट सगळा इंग्रजीत. मराठीत एक पान द्यायला काय जातं? आणि मूल तापाने फणफणलेलं असलं तरी आयत्या वेळी कळवलं तर सेशनचे पैसे बुडतात.

तरी इथे 'गॅरंटी' कुणी देत नाही. आधी एका ठिकाणी चौकशी केली होती, तिथे तीन महिन्यांत बोलेल म्हणून सगळी रक्कम आगाऊ मागत होते. तिथून परत फिरलो. कुठेही जा, पण भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. १९९२ च्या कायद्याने ही नोंदणी लागते आणि खरा थेरपिस्ट विचारल्याबद्दल रागावत नाही. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का बघा, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. अंगणवाडीत तपासायला येणारं पथकही तिकडे पाठवतं. मुंबईकरांना वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय आहे.

वेळ घेताना सकाळची घ्या. दुपारी चारची घेतली तर मूल झोपेतून उठवून आणावं लागतं आणि अर्धं सेशन रडण्यात जातं. गाडी मागच्या गल्लीत लावा, पुढे लावली की टोइंगवाले उचलतात.