झड लागल्यावर लेकरांना कुठं न्यावं? वेरूळ, पाणचक्की, मॉल आणि घर

संभाजीनगरात पावसाळी रविवार आला की लोक आधी जागा ठरवतात आणि मग आभाळाकडं बघतात. क्रम उलटा हवा, कारण इथला पाऊस दोन तऱ्हेचा आहे. जुलै-ऑगस्टची झड म्हणजे दिवसभर भुरभुर, वारा बेताचा, विजा जवळजवळ नाहीत. जूनच्या तोंडाचा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस वेगळा: दुपारपर्यंत उकडतं, चारच्या सुमारास आभाळ भरून येतं आणि तासाभरात नाल्यांचं पाणी रस्त्यावर येतं. झडीत खुशाल बाहेर पडा. विजांच्या पावसात चारच्या आत घरी किंवा पक्क्या छपराखाली असायला हवं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर लगेच आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. मोबाइलवर ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवलं तर आसपास कुठं विजा पडताहेत ते दिसतं.

दुसरा प्रश्न घरातलं सगळ्यात लहान लेकरू किती वर्षांचं, हा. मोठ्याच्या हौशीनं बेत आखला की धाकटं कडेवर बसून सगळ्यांचा दिवस खराब करतं.

वेरूळ: झडीत पहिली पसंती, पण वार बघून

शहरापासून सुमारे ३० किलोमीटर. पावसात लेण्यांना जायचं म्हटलं की लोक बिचकतात, पण डोंगरात कोरलेल्या दालनांइतकं पक्कं छप्पर दुसरीकडं मिळणार नाही. मंगळवारी लेणी बंद असतात. श्रावणात सोमवारही टाळा: घृष्णेश्वराच्या दर्शनाची गर्दी सगळा रस्ता अडवते. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीकडं पायी जाणाऱ्यांची रांग शुक्रवार रात्रीपासूनच लागते आणि तुमची वाट तीच. राहिला रविवार, सकाळी नऊच्या आत पोचलात तर बरं. भारतीयांना तिकीट ४० रुपये, १५ वर्षांखालच्या लेकरांना फुकट.

लेणी ३४ आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी दाखवायच्या भानगडीत पडू नका. लेकरांसोबत चार पुरेत. आधी १६ नंबरचं कैलास. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत आणला. आधी शिखर, शेवटी पाया. घर खालून वर बांधतात हे माहीत असलेल्या सात-आठ वर्षांच्या पोराला एवढं सांगितलं की ते स्वतःच वर बघत बसतं. कैलासाचं अंगण उघडं आहे, तिथं भिजणार. पण अंगणाच्या कडेनं खडकात कोरलेल्या ओसऱ्या कोरड्या असतात. सर आली की त्यात शिरायचं आणि मूर्ती बघत फिरायचं. पाऊस थांबला की अंगणातले दगडी हत्ती.

मग दक्षिणेकडं १२ नंबर, तीन ताल. तीन मजली, रुंद, कोरडं, लेकरांना मोकळं फिरता येतं. जिन्याच्या पायऱ्या उंच आणि झिजलेल्या आहेत, म्हणून पाच वर्षांखालच्याचा हात सोडू नका. पुढं १० नंबरचं चैत्यगृह: छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या आहेत आणि आवाज घुमतो. ५ नंबरात लांबलचक दालनभर दोन दगडी बाकं, दमलेल्यांची बैठक तिथं. ढगाळ दिवशी आत बराच अंधार असतो, छोटी बॅटरी न्या.

काय बिघडतं? पहिलं, पाय घसरतो. बसाल्टवर शेवाळ धरतं. साधी चप्पल घातलेली लेकरं हमखास पडतात, मागं पट्टा असलेली रबरी तळव्याची सँडल चालते. दुसरं, छत्री. वाऱ्यात ती उलटते आणि एक हात अडवते, त्यामुळं रेनकोटच बरा. तिसरं, धबधबा. २९ नंबरजवळ पाणी कोसळतं आणि सगळ्यांना तिथंच जायचं असतं. लांबून बघायला हरकत नाही, पण फोटोसाठी काठावर उतरायचं नाही. डोंगरावर पडलेल्या पावसाचं पाणी एकदम वाढतं आणि खाली ते कळत नाही. ढकलगाडी गाडीतच ठेवा, बाथरूमचं काम तिकीट खिडकीजवळच उरका, आणि प्रत्येक लेकरामागं कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्या. एकूण सहा तास धरा. तीन वर्षांखालचं लेकरू असेल तर हा बेत पुढं ढकला.

वाटेतला दौलताबाद किल्ला याच दिवशी उरकू असं वाटतं, पण ते नको. चढ मोठा, अंधारी वाट ओली, आणि वरचा भाग विजांना उघडा. म्हैसमाळ धुक्यात देखणं दिसतं, पण घाटात समोरची गाडी दिसत नाही; ज्यांना तो रस्ता पाठ आहे त्यांनीच जावं.

पैठणचा हिशेब निराळाच. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरतो तो नाशिक-नगरकडच्या पावसानं. त्यामुळं जायकवाडीचे २७ दरवाजे उघडतात तेव्हा आपल्याकडं लख्ख ऊनही असू शकतं. पावसाचा दिवस म्हणून पैठणला जाऊ नका, विसर्गाची बातमी वाचून जा. तिथं पैठणीचे माग मात्र छपराखाली आहेत. सुमारे ५० किलोमीटर जाऊन धरण बंद मिळालं तर निदान पदरावरचा मोर विणताना बघता येतो.

पाणचक्की: दोन-अडीच तास हाताशी असतील तर

शहरातच आहे. डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवर चढवलंय, तिथून ते खाली पडतं, पाती फिरवतं आणि वरचं दळणाचं जातं फिरतं. वीज नाही, इंजिन नाही. ‘पाणी वर चढलं कसं?’ हा प्रश्न लेकरांनाच विचारा. उगम उंच आणि नळ बंद, म्हणून दाबानं चढतं. पारदर्शक नळी आणि बादली घेऊन घरी हे करून दाखवता येतं: बादली स्टुलावर, पाणी भरलेली नळी खाली लोंबती, मग तिचं मोकळं टोक वर आणायचं. बादलीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत पाणी येत राहतं, त्याच्यावर येत नाही. चक्की बघायला वीस मिनिटं लागतात, म्हणून नुसत्या तिच्यासाठी सगळा दिवस राखू नका. बीबी का मकबरा जवळ आहे, पण उघड्यावरची फरशी ओली असली की लहानांसाठी घसरगुंडीच.

मॉल

चिकलठाण्याकडचा मोठा मॉल विजांच्या संध्याकाळी सगळ्यात सोयीचा. छप्पर, जनरेटर, बाथरूम, पार्किंग सगळं आहे. तीन वर्षांखालच्यांसाठीही हाच. खेळायच्या जागेत मोजे लागतात, ते घरून न्या. ओल्या कपड्यांनी एसीत शिरलं की लेकरं कुडकुडतात, कपडे आधी बदला. पैसा खेळण्यापेक्षा खाण्यात जास्त जातो. आमच्या मते महिन्यातून एकदा पुरे.

घर: लाईट गेली तरी चालणारं

पर्जन्यमापक बनवा. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या, नागमोडी नको. वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बुडाला खळगे असतात, म्हणून आत खडे आणि बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून तिथं शून्याची खूण करा. त्याच्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली गच्चीच्या मधोमध दोन विटांत अडकवून ठेवा. कठड्याला चिकटून ठेवली की वाऱ्यानं आकडा कमी येतो. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेला, आकडा लिहा आणि शून्याच्या वरचं पाणी ओतून टाका.

गंमत पुढं आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर २० मिलिमीटर पडला की सुमारे १,८५० लिटर पाणी, हजार लिटरच्या जवळजवळ दोन टाक्या. टँकरची वाट बघणाऱ्या घरातल्या लेकराला हा आकडा वेगळा समजावावा लागत नाही. ६५ मिलिमीटरला महसूल खातं अतिवृष्टी म्हणतं, आणि मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर. म्हणजे पावसाळ्याचा जवळजवळ दहावा वाटा एका दिवसात.

खायला सुशीला, म्हणजे फोडणीचे ओले मुरमुरे: चौघांना आठ वाट्या मुरमुरे. ते पाण्यात बुडवून लगेच पिळायचे. मिनिटभर राहिले तरी लगदा होतो. तेलात मोहरी, शेंगदाणे, हिरवी मिरची, कांदा, हळद, मग मुरमुरे, मीठ आणि दोन चमचे डाळ्याचं कूट. कूट ओलावा ओढतं, म्हणून मुरमुरे जास्त भिजलेच तर कूट वाढवा आणि झाकण न ठेवता दोन मिनिटं परता. लिंबू गॅस बंद केल्यावर. मुरमुरे पिळायचं काम लेकरांना द्या, फोडणी तुम्ही.