मागचा ब्रेक खोल जातोय? खोपटच्या गल्लीतल्या काकांकडे जा

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे साडेपाचला कळव्याहून निघायचं, ठाण्यात चरई, नौपाडा, पाचपाखाडी करत साडेनऊच्या आत डबा लॅबमध्ये. गाडी म्हणजे वडिलांची मोटरसायकल, 2013 ची, सव्वाशे सीसी. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्यातल्या ड्रमला आतून दोन 'शू' दाबतात आणि चाक थांबतं.

मार्चपासून मागच्या ब्रेकचं पायडल खोल जायला लागलं. घराजवळच्या मेकॅनिककडे तीनदा गेले. तिन्ही वेळा त्याने पायडल मागच्या ब्रेकला जोडणाऱ्या रॉडचा नट दोन-तीन फेरे आवळला आणि पन्नास रुपये घेतले. आठ दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. चौथ्यांदा म्हणाला, "जुनी गाडी आहे ताई, एवढं चालायचंच. भाऊंना पाठवा, त्यांना समजावतो." भाऊ नाहीत. गाडी मी चालवते.

जुलैत कळवा पूल उतरताना पुढची रिक्षा एकदम थांबली. पाय दाबला तर पायडल जातंय, जातंय, टाच फुटरेस्टवरून सुटली तरी जातंय. गाडी थांबली ती पुढच्या ब्रेकवर, तीही ओल्या रस्त्यावर थोडी सरकून. मागे डब्यात सात जणांचं उपाशीपोटी काढलेलं रक्त. पडले असते तर सातही जणांना पुन्हा टोचायला लागलं असतं, हा विचार आधी आला. स्वतःच्या गुडघ्याचा नंतर.

खोपटचं हे गॅरेज लॅबमधल्या एकाने सांगितलं. एसटी स्टँडच्या मागच्या बाजूची गल्ली, बोर्डावर 'ऑटो' एवढंच वाचता येतं, बाकी रंग उडालाय. काका साठीचे असतील. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, खिशातून शाळेच्या कंपासपेटीतली असते तशी स्टीलची पट्टी काढली, पायडलच्या टोकाशी उभी धरली आणि मला म्हणाले, "हाताने दाबा. ब्रेक धरतोय असं वाटलं की थांबा." पासष्ट मिलीमीटर मोकळा खेळ. "वीस ते तीस पाहिजे." एवढं बोलून मागे जाऊन बसले.

पुढची दहा मिनिटं मी जे पाहिलं त्यासाठीच हे लिहितेय. ड्रमच्या बाहेर एक छोटा बाण असतो, शू फाकवणाऱ्या कॅमबरोबर फिरतो. पायडल दाबल्यावर तो ड्रमच्या प्लेटवरच्या खुणेपर्यंत पोचला की शू संपले समजायचं. माझा बाण खूण ओलांडून गेला होता. दहा वर्षं गाडी पुसतेय, तो बाण मला कधी दिसला नव्हता. मग त्यांनी रॉड ज्याला ओढतो त्या ब्रेकच्या आर्मवरचा ठिपका आणि कॅमच्या टोकावरचा ठिपका दाखवला. दोन्ही समोरासमोर हवेत. माझ्या गाडीत आर्म कॅमच्या टोकावरचा एक दात सोडून बसलेला. म्हणजे रॉडचे आटे संपल्यावर कुणीतरी आर्म काढून एक दात पुढे बसवला होता, नट आवळायला जागा मिळावी म्हणून. मला न सांगता. कुणी, ते मी ओळखलं.

"यात धोका काय?" मी विचारलं. काकांनी रॉड आणि आर्म यांच्यामध्ये तळहात उभा धरला. ब्रेक पूर्ण लागल्यावर दोघांत साधारण काटकोन असला की पायाचा जोर पुरेपूर लागतो. कोन त्याच्या पलीकडे गेला की तुम्ही दाबताय जास्त आणि मिळतंय कमी. वर शू झिजलेले असले की कॅम गरजेपेक्षा जास्त फिरतो, आणि कधी उभा राहून तिथेच अडकतो. मग ब्रेक सुटतच नाही, चाक जाम. पुलाच्या उतारावर हे झालं असतं तर, असं काकांनी म्हटलं नाही, मीच म्हटलं.

चाक काढलं. शूवरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनर, एका कडेला दीड मिलीमीटरही नव्हतं आणि वरून काचेसारखं चकाकत होतं. कॅमचं ग्रीस वाळलेल्या बूटपॉलिशसारखं झालेलं, हाताने फिरवला तर परत येईना. ड्रम मात्र ठीक निघाला. आतून 130 मिलीमीटर व्यासाचा ड्रम, हबवर झिजेची मर्यादा 131 कोरलेली, व्हर्निअरने मोजलं तर 130.4. मला वाटलं आता ड्रमही बदलायला सांगतील. नाही सांगितलं.

इथे एक तक्रार. ड्रममधली काळी धूळ त्यांच्या पोऱ्याने सरळ कंप्रेसरने उडवली, भर गल्लीत, तोंडाला काही न बांधता. ब्रेकची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही, जुन्या लायनरमध्ये तर ॲस्बेस्टॉसही असू शकतं. ओल्या फडक्याने पुसलं तरी काम होतं. मी बॅगेतला मास्क काढून त्याला दिला. त्याने लाजून खिशात ठेवला.

बाकी काम बघत राहावं असं. कॅम घासून साफ, ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच, कारण जास्त झालं तर उडून लायनरवर येतं. आर्म ठिपक्याला ठिपका जुळवून बसवला. आधी चेन ताणली, ब्रेक नंतर. चाक मागे सरकलं की पायडलचा खेळ आपोआप कमी होतो, म्हणून क्रम उलटा करायचा नाही. एक्सलचा नट शेवटचा आवळताना मला पायडल घट्ट दाबून धरायला लावलं, म्हणजे शू ड्रमच्या मधोमध बसतात. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. शेवटी ब्रेक लाइटचा स्विच. पायडलचा खेळ बदलला की लाइट उशिरा लागतो नाहीतर लागूनच राहतो, त्याकडे कोण बघतं?

पुन्हा पट्टी. पंचवीस.

शू, स्प्रिंग आणि मजुरी मिळून 480 रुपये झाले. आधीचे दीडशे नट आवळण्यात गेले ते वेगळेच. "शंभरेक किलोमीटर चालवा, शू बसतील, मग या," म्हणाले. तोवर ब्रेक थोडा बोथट वाटला, ते आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. आठवड्याने गेले तेव्हा अर्धा फेरा नट फिरवला, पैसे घेतले नाहीत. आणि दोन्ही वेळा एकदाही भाऊंना पाठवा म्हणाले नाहीत.

बसायला जागा नाही, उलटा ठेवलेला एक ऑइलचा डबा आहे. छापील बिल मिळत नाही, यूपीआय चालतं. घाई असेल तर जाऊ नका, एका ब्रेकला दीड तास लागला. सोमवारी बंद. सकाळी दहाच्या आधी शटर उघडत नाही, आणि फोन ते उचलत नाहीत.