घरचं वेदर स्टेशन: ऑल-इन-वन की सुटे सेन्सर?

वेदर स्टेशन घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच, सगळे सेन्सर एकाच डब्यात असलेलं ऑल-इन-वन घ्यायचं की तापमान, वारा, पाऊस असे सुटे सुटे. ऑल-इन-वनचं बरं असतं, एक पाइप उभा करा, वर बसवा, कन्सोलशी (घरातल्या आकडे दाखवणाऱ्या स्क्रीनशी) जोडा, काम फत्ते. पण खरी गोची जागेची आहे. वारा मोजायची प्रमाण उंची मोकळ्या जागेत 10 मीटर, तापमान मात्र जमिनीपासून 1.25 ते 2 मीटरवर मोजतात, मग एकच डबा दोन्हीकडे कसा असणार? गच्चीवर लावलात तर वारा बरा मिळतो पण तापलेल्या स्लॅबमुळे तापमान फुगतं, खाली लावलात तर भिंती नि झाडं वारा अडवतात.

सुट्यांमध्ये ही भानगड नाही, वाऱ्याचा वर, तापमानाचा खाली पांढऱ्या झडपांच्या कवचात, पर्जन्यमापक हाताला येईल असा. हे शेवटचं लोक फार हलक्यात घेतात राव. आतली छोटी डोलती वाटी बऱ्याच मॉडेलमध्ये साधारण 0.2 मिमी पावसाला एकदा कलंडते, त्या कलंडण्यावरूनच पाऊस मोजला जातो, तिथे पान किंवा कोळ्याचं जाळं अडकलं की बाहेर धो धो पाऊस आणि स्क्रीनवर शून्य, आणि ते साफ करायला दरवेळी शिडी लावून कोण चढणार? बॅटऱ्या जास्त, सेटिंगला वेळ जास्त, ते आहेच. तरी मोकळी जागा असेल तर मी सुटेच घेईन, नुसती बाल्कनी असेल तर मात्र दोन्ही नको, साधा थर्मामीटर पुरे.