मोटार रिवायंडिंगचे शासकीय प्रशिक्षण आणि त्यानंतरचा रस्ता : मिरजेचा अनुभव

माझ्या धाकट्या भावाचा डावा पाय तीन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली सापडला आणि गुडघ्याखाली काढावा लागला. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तो द्राक्षबागांच्या कामावर जात असे. छाटणी असो की औषध फवारणी, ते सगळे काम उभ्याने करायचे, त्यामुळे ते कायमचे सुटले. जयपूर फूट बसवल्यावर तो चालू लागला, पण चालता येणे आणि मिळवते होणे यांत फार अंतर असते. म्हणून आम्ही मिरजेच्या शासकीय प्रौढ दिव्यांग प्रशिक्षण केंद्राची वाट धरली. तिथले प्रशिक्षण मनापासून वाखाणण्यासारखे आहे. मात्र प्रमाणपत्र हाती पडल्यावर पुढची वाट ज्याची त्यानेच शोधावी लागते, हे या पुनर्वसन व्यवस्थेचे मोठे उणेपण मला वाटते.

प्रवेशाआधीच्या कागदपत्रांविषयी फार लिहीत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केलेली आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) आधीच काढून ठेवले, तर हेलपाटे वाचतात. प्रशिक्षण व वसतिगृह दोन्ही मोफत असल्याने रोजंदारीवर चालणाऱ्या आमच्या घराला हा निर्णय झेपला.

भावाने मोटार रिवायंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटारीतली तारेची गुंडाळी (कॉइल) काढून नवी भरण्याचे काम, निवडले आणि ती निवड आमच्या भागाला अगदी साजेशी ठरली. इथे विहिरी आणि बोअर यांच्यावरच बागा उभ्या आहेत; उन्हाळ्यात पाणी खाली गेले आणि विजेचा दाब कमी झाला की मोटारी जळतात, आणि बागेला पाणी द्यायचे असताना शेतकरी चार दिवस थांबू शकत नाही. शिवाय हे काम बसून करता येते. पहिले दोन आठवडे भाऊ निराश होता, कारण निदेशकांनी त्याला नवी कॉइल भरायला दिलीच नाही. जळलेल्या स्टेटरमधली (मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातली) जुनी कॉइल सोडवायची, तारेचे फेरे एकेक करून मोजायचे, तारेचा गेज (जाडी) तपासायचा, कोणती कॉइल कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत जाते त्याची आकृती काढायची आणि सगळे वहीत टिपायचे, एवढेच काम होते. ‘‘कापण्याआधी लिहून घे, एकदा कापल्यावर मोटार काही सांगत नाही,’’ असे ते म्हणत. ती वही आज भावाच्या बाकावर असते, आणि गिऱ्हाइकाची मोटार उघडली की तो आधी पेन उचलतो. खाचेत इन्सुलेशनचा कागद बसवताना तो जराही फाटता कामा नये, बोअरमध्ये बुडवून ठेवायच्या, आत पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटारीला साधी इनॅमलची तार चालत नाही, प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली तार लागते, अशा गोष्टी त्याच्या हातात आता मुरल्या आहेत. निदेशकांनी आणखी एक गोष्ट केली, जी मला सर्वांत मोलाची वाटते : कृत्रिम पाय लोंबकळत ठेवून फार वेळ बसल्यास खुंटाला (पायाच्या उरलेल्या भागाला) सूज येते, हे ओळखून त्यांनी स्टुलाखाली पाय टेकायला लाकडी ठोकळा ठेवायला सांगितला. दया न दाखवता केलेली ही सोय होती.

प्रमाणपत्र मिळाल्यावर मात्र अडचणी सुरू झाल्या. एका रिवायंडिंगच्या दुकानात त्याला कामावर ठेवले, पण चार महिने कॉइलला हात लावू दिला नाही; पाना-पक्कड पुसणे आणि चहा आणणे एवढेच काम दिले. स्वयंरोजगारासाठी सवलतीच्या दराने कर्ज मिळण्याची तरतूद २०१६ च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे, म्हणून आम्ही एका बँकेच्या शाखेत अर्ज केला. तिथे सहा वेळा बोलावले, जामीनदार मागितला, आणि शेवटी तोंडीच ‘होणार नाही’ असे सांगितले. अशा वेळी कर्जाचा अर्ज पुढे रेटणारा, दुकानदाराशी बोलणारा, वर्षभर विचारपूस करणारा माणूस पुनर्वसनाच्या सेवेतच असायला हवा होता. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे आणि ते हवेच; पण नववी शिकलेल्या कारागिराला ते सहसा पोहोचत नाही, त्याला बाक, यंत्र आणि पहिली दहा गिऱ्हाइके लागतात. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाने प्रमाणपत्रानंतरच्या पहिल्या वर्षाची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

शेवटी आईच्या बचत गटाने पैसे दिले आणि कॉइल गुंडाळण्याचे हातयंत्र आले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओसरीवर एका वेळी पाच-पाच मोटारी रांगेत होत्या.

जे या केंद्रात प्रवेश घेणार आहेत, त्यांनी शिकता-शिकताच गावाजवळच्या एखाद्या चांगल्या कारागिराशी ओळख वाढवावी आणि कर्जाचा अर्ज देताना पोच घ्यावी. बँक नाकारत असेल, तर नकार आणि त्याचे कारण लेखी मागावे. आम्ही ते मागितले नाही आणि त्यामुळे पुढे दाद मागायला आमच्या हातात कागदच नव्हता.