सीएसआरचा पैसा घेताय? कंपनी देतेय कशासाठी, ते आधी बघा

दोन-तीन कंपन्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी द्यायला तयार असल्या की सामाजिक संस्था आधी रक्कम बघतात. मी आधी कारण बघेन. कंपनी सामाजिक कामात कशामुळे उतरली, यावर पैसा किती वर्षं येईल आणि कशावर खर्च करू दिला जाईल, हे बरंचसं ठरतं. कारणं ढोबळमानाने चार: कायदा, बदनामीची भीती, धंद्याची गरज आणि मालकाची तळमळ. बहुतेक ठिकाणी यांची सरमिसळ असते, पण एखादं वरचढ असतंच.

कायद्याचं बळ किती आणि कुठवर, हे भारतात छान दिसतं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. सुरुवातीला, खर्च का झाला नाही याचं कारण अहवालात लिहिलं की सुटका होई. 2021 पासून तसं नाही. चालू प्रकल्पाचे उरलेले पैसे वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे आणि तीन वर्षांत वापरायचे. यामुळे कधी दमडी न देणारेही देऊ लागले. मात्र आधीपासून 2 टक्क्यांहून जास्त देणाऱ्या कंपन्यांनी आपला खर्च कमी केल्याचंही अभ्यासांत दिसलं. किमान म्हणून घातलेली रेघ त्यांच्यासाठी कमाल झाली.

संस्थेच्या बाजूने बघायचं तर हा पैसा खात्रीचा, पण कोरडा. वर्ष संपायला महिना उरला की फोन येतो, ‘एवढी रक्कम वेळेत खर्च करून दाखवाल का?’ इमारत, संगणक, रुग्णवाहिका चटकन मंजूर होतात, कारण त्यांचा फोटो निघतो आणि पावती मिळते. कार्यकर्त्यांच्या पगाराचा विषय काढला की समोरचा घड्याळाकडे बघतो.

भीतीपोटी येणारा पैसा याच्या उलट: उशिरा येतो, पण येतो तेव्हा धबधब्यासारखा. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसं गेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं होतं. तिथल्या कारखान्यांतून कपडे घेणाऱ्या ब्रँडची नावं जगभर झळकली आणि काही आठवड्यांतच अनेक ब्रँडनी कामगार संघटनांसोबत कारखान्यांच्या सुरक्षेचा, कायद्याने बांधील असा करार केला. तोवर कंपन्यांच्या स्वतःच्या आचारसंहिता आणि तपासण्या होत्याच की! फरक पडला तो सही बंधनकारक असल्यामुळे. म्हणून अशा कंपनीशी बोलताना नुसत्या आश्वासनावर जाऊ नका. पेपरातली बातमी ताजी आहे तोवर मुदत, रक्कम आणि हप्ते लिहून घ्या. पुरस्कारांवर तर मुळीच जाऊ नका. 2015 मध्ये फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या धुराच्या तपासणीत केलेली फसवणूक उघड झाली, तेव्हा ती शाश्वततेच्या एका नामांकित निर्देशांकात वाहन उद्योगात अव्वल होती.

धंद्याची गरज म्हणून केलेल्या कामाला लोक नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथली झाडं म्हातारी झाली, शेतकऱ्यांच्या मुलांनी शेती सोडली, तर चॉकलेट बनवायचं कशाचं? त्यामुळे रोपं आणि प्रशिक्षण देण्यात कंपन्यांचा हात मंदीतही सहसा आखडत नाही. मर्यादा एवढीच, की उत्पादन वाढवायला त्या मदत करतील, पण शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावाचा प्रश्न काढलात तर गप्प बसतील.

राहिली तळमळ. मर्क या अमेरिकन औषध कंपनीने 1987 मध्ये ‘रिव्हर ब्लाइंडनेस’ या माणसाला आंधळं करणाऱ्या रोगावरचं औषध, लागेल तेवढं आणि लागेल तोवर, फुकट द्यायचं ठरवलं. ते दान आजही चालू आहे. दुसरीकडे दानोन या फ्रेंच खाद्यपदार्थ कंपनीचं बघा. 2020 मध्ये सामाजिक उद्दिष्टं कंपनीच्या घटनेतच घालायला भागधारकांनी जवळपास एकमताने मंजुरी दिली, आणि 2021 च्या मार्चमध्ये गुंतवणूकदारांच्या दबावाखाली प्रमुखालाच जावं लागलं. तेव्हा तळमळ एका माणसाची आहे की संचालक मंडळाने वारसा म्हणून घेतलेली, हे विचारायलाच हवं.

माझी निवड सांगतो. एकरकमी उभं राहणारं काम असेल, तर कायद्याचा पैसा घ्या. दहा वर्षं चालवायचं असेल आणि कंपनीचा धंदा त्याच्याशी जोडलेला असेल, तर तिसऱ्या प्रकारची कंपनी. अपयशाची शक्यता मोठी असलेला नवा प्रयोग फक्त तळमळीच्या कंपनीकडे न्यावा, बाकीच्यांना तो झेपत नाही.

आणि खरं कारण कोणतं, हे कंपनीच्या वेबसाइटवर सापडणार नाही. पहिल्याच बैठकीत विचारा, ‘हा खर्च कोणत्या विभागाच्या बजेटमधून होतो?’ जाहिरात म्हणाले तर भीती किंवा हौस, विधी आणि लेखा म्हणाले तर कायदा, खरेदी किंवा उत्पादन म्हणाले तर गरज. ‘साहेबांनाच विचारावं लागेल’ असं उत्तर आलं, तर साहेबांच्या निवृत्तीला किती वर्षं उरलीत तेही विचारून घ्या.